महागाईसाठीच्या मदतीला महागाई भत्ता का नाही?

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गोवा राज्याच्या अर्थसंकल्पाची तयारी सुरू झाली की आपल्या वृत्तपत्रात उद्योजक, हॉटेल व्यावसायिक, खाणमालक आणि निरनिराळ्या संघटना यांच्या अपेक्षा सविस्तर छापून येतात. ज्या घरातला पगार महिना सरण्याआधीच सरतो, त्या घराची अपेक्षा सहसा कोणी विचारत नाही, म्हणून ती न विचारताच कळवीत आहे. मागणी एकच आहे. गृहिणींसाठीची गृह आधार आणि वृद्धांना आधार देणारी दयानंद सामाजिक सुरक्षा या राज्य सरकारच्या दोन योजनांखाली मिळणारी रक्कम, तसेच गृह आधारसाठी ठरवलेली उत्पन्नाची मर्यादा, सरकारी कर्मचाऱ्यांच्या महागाई भत्त्याप्रमाणे महागाईच्या निर्देशांकाला जोडावी आणि ती वाढ कोणाच्या घोषणेवर अवलंबून ठेवू नये.

ही मागणी कोठून आली हे कळावे म्हणून आमच्या घराचा थोडा हिशेब मांडते. आम्ही डिचोली तालुक्यातील एका गावात राहतो. घर सासऱ्यांच्या वेळचे असल्यामुळे भाडे नाही, आणि तेवढ्या एका गोष्टीमुळे आमची गणना सुदैवी लोकांत करावी लागेल, कारण बाहेरून येऊन घरे विकत घेणाऱ्यांनी व पर्यटकांना खोल्या देणाऱ्यांनी किनाऱ्याकडच्या गावांत भाड्याची जी गत करून ठेवली आहे ती पाहिली तर कामगाराने तिथे राहावे कसे, हा प्रश्नच पडतो. माझे पती खाणीवरच्या ट्रकवर चालक होते. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर मार्च २०१८ मध्ये खाणी दुसऱ्यांदा बंद पडल्या, तेव्हा ते काम गेले. आता ते औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात कंत्राटदारामार्फत काम करतात आणि भविष्य निर्वाह निधी कापून त्यांच्या हातात सोळा हजारांच्या आसपास येतात. मी घरी शिवणकाम करते. ते चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, आणि लग्नसराईच्या दिवसांत भरपूर असते, एरवी महिनाभर फॉल-पिको आणि शाळेच्या गणवेशांच्या दुरुस्तीवर भागवावे लागते. सासूबाईंना दयानंद योजनेचे दोन हजार आणि मला गृह आधारचे दीड हजार मिळतात. मुलगी महाविद्यालयात आहे, मुलगा आठवीत.

तांदळाबद्दल तक्रार नाही. जानेवारी २०२३ पासून अन्नसुरक्षा कायद्याखालील धान्य विनामूल्य झाले, त्याचा आम्हाला खरोखर आधार आहे. मात्र रेशनवर बहुधा सुरय, म्हणजे न उकडलेला, तांदूळ मिळतो आणि आमच्या घरात सकाळची पेज उकड्या तांदळाचीच होते. सासूबाईंना दुसरी पेज मानवत नाही आणि कामावर जाणाऱ्या माणसाच्या पोटालाही तीच धरून ठेवते. उकडा तांदूळ बाजारभावानेच घ्यावा लागतो. सकाळच्या पावाचा भाव पाच रुपये झाला आहे, आणि पाच माणसांच्या घरात एकेका पावावर कोणाचेच भागत नाही, त्यामुळे पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, पोंपों ऐकू आला की आता आधी मनात आकडेमोड होते.

खरा प्रश्न नारळाचा आहे. जो गोव्यात राहिलेला नाही त्याला हे पटवून देणे कठीण. नारळ हा आमच्याकडे चैनीचा जिन्नस नाही, तो हुमणात, म्हणजे मासळीच्या कालवणात, असतो, भाजीत असतो, आमटीत असतो, आणि तो वगळला तर स्वयंपाक म्हणण्यासारखे फारसे उरत नाही. २०२५ मध्ये चांगल्या मोठ्या नारळाला पन्नास रुपयांहूनही जास्त मोजावे लागले. पाच माणसांच्या घरात दिवसाला एक नारळ धरला, आणि पूर्वी तेवढा सहज लागत असे, तर महिन्याचे पंधराशे रुपये होतात. म्हणजे गृह आधारची सगळी रक्कम एका नारळाच्या वाटणात संपली. अर्थात आम्ही आता दिवसाला नारळ फोडत नाही. अर्ध्या नारळाचे वाटण दोन वेळा पुरवतो, तिखट-चिंच जरा पुढे करून हुमण पातळ करतो, आणि ते जेवणाऱ्यांच्या लक्षात येते, पण कोणी बोलत नाही. खोबरेल तेलाचे भावही नारळाच्या मागोमाग चढले. खाण्याच्या इतर तेलांवरचे आयात शुल्क केंद्राने सप्टेंबर २०२४ मध्ये वाढवले, ते मे २०२५ च्या अखेरीस कच्च्या खाद्यतेलापुरते काहीसे उतरवले. वाढ दुकानात लगेच पोहोचली, उतार मात्र वाटेत कोठेतरी मुरला, असा आमचा अनुभव आहे.

मासळीचेही तसेच. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिकी मासेमारीला बंदी असते आणि ती हवीच, नाहीतर पुढे समुद्रात काही उरणार नाही. पूर्वीची माणसे या दिवसांसाठी पुरुमेत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरून ठेवीत. सुके बांगडे, सुकी सुंगटे (कोळंबी), आमसुले, आंब्याची सोले, मिरच्या, कडधान्ये असे सगळे मे महिन्यात घरात येई आणि श्रावणापर्यंत पुरे. आता सुकी मासळीसुद्धा ओल्या मासळीच्या बरोबरीने महाग झाली आहे. त्यातच २०२५ पासून सहावी ते दहावी आणि बारावीचे शैक्षणिक वर्ष एप्रिलमध्येच सुरू होऊ लागले. या निर्णयाच्या शैक्षणिक बाजूवर मी काही बोलत नाही, पण वह्या, दप्तर, गणवेश, चपला हा जो खर्च जूनमध्ये येत असे तो आता पुरुमेताच्या तोंडावर येऊन उभा राहतो. ज्यांचा पगार मोठा आहे त्यांना हे दोन महिने पुढे-मागे झाल्याचे कळणारही नाही. आम्हाला त्यासाठी बचत गटातून उचल घ्यावी लागते, ती फिटते न फिटते तोच चवथ येते. चवथीला माटोळी, म्हणजे गणपतीवरची फळापानांची आरास, बांधणे, नेवऱ्या-मोदक करणे, कामाच्या निमित्ताने पांगलेल्या भावंडांना जेवू घालणे यांत काटकसर करता येत नाही असे नाही, आम्ही करतोही, परंतु वर्षातून एकदा देव घरी यावा आणि त्याच्यासमोर नारळ मोजत बसावे, हे अजून जमलेले नाही.

गॅसच्या बाबतीत न्यायाने बोलायचे तर सिलिंडर २०२३ मध्ये अकराशेच्या पुढे गेला होता, तिथून केंद्राने ऑगस्ट २०२३ मध्ये दोनशे आणि मार्च २०२४ मध्ये शंभर रुपये उतरवले, मग एप्रिल २०२५ मध्ये पन्नास वाढवले. एकूण भाव खाली आला हे मान्य. तरीही आंघोळीचे पाणी आम्ही न्हाणीतल्या भाणात लाकडांवर आणि माडाच्या चुडतांवरच तापवतो, आणि गावात असे करणारे आम्ही एकटे नाही. सरकारी अनुदानाच्या भाजीच्या गाड्यांचाही मोठा आधार आहे. बेळगावहून येणारी भाजी घाट उतरून बाजारात पोहोचेपर्यंत जेवढी महाग होते, तेवढी ती या गाड्यांवर होत नाही. मात्र त्यासाठी सकाळी लवकर जावे लागते, आणि ज्या बाईला सकाळी कामाची बस धरायची असते तिच्या वाट्याला ती भाजी येत नाही.

आता मुद्द्याकडे येते. २०१२ हे वर्ष अनेकांना आठवत असेल. त्या एप्रिलमध्ये तत्कालीन मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर यांनी पेट्रोलवरचा व्हॅट जवळजवळ शून्यावर आणला आणि पेट्रोल लिटरला पंचावन्न रुपयांच्या आसपास मिळू लागले. त्याच वर्षी गृह आधार योजना सुरू झाली. वाढत्या महागाईत गृहिणीला घर चालवायला हातभार लागावा, हा तिचा हेतू सरकारनेच लिहून ठेवलेला आहे. प्रारंभी दरमहा एक हजार, नंतर बाराशे आणि मग पंधराशे रुपये अशी तिची वाढ झाली, आणि तिथेच ती थांबली. पेट्रोल पंचावन्नावरून नव्वदीच्या पुढे गेले. जी मदत केवळ महागाईसाठी म्हणून जन्माला आली ती महागाईबरोबर वाढत नाही, या विसंगतीकडे विधानसभेतल्या चाळीस जणांपैकी कोणी गांभीर्याने पाहिल्याचे मला तरी दिसले नाही. रक्कम वेळेवर जमा होत नाही यावर प्रश्न विचारले जातात, तेही विचारायलाच हवेत, पण वेळेवर आलेले पंधराशेसुद्धा आता पूर्वीचे पंधराशे राहिलेले नाहीत.

सरकारला महागाई मोजता येत नाही असे थोडेच आहे? औद्योगिक कामगारांचा ग्राहक किंमत निर्देशांक दर महिन्याला प्रसिद्ध होतो, आणि ज्या केंद्रांतून त्यासाठी भाव गोळा केले जातात त्यांत गोवाही आहे. याच निर्देशांकावरून केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांचा महागाई भत्ता वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैपासून, सुधारला जातो. सातव्या वेतन आयोगाने जानेवारी २०१६ मध्ये तो शून्यावरून पुन्हा सुरू केला, आणि जुलै २०२५ पासून तो मूळ वेतनाच्या ५८ टक्के झाला. मधल्या करोनाच्या दीड वर्षात तो गोठवला होता, पण नंतर दर पूर्ववत धरला गेला. हीच पट्टी २०१६ पासून गृह आधारच्या पंधराशे रुपयांना लावली असती, तर जुलै २०२५ मध्येच ती रक्कम २,३७० रुपये झाली असती. सासूबाईंचे दोन हजार ३,१६० झाले असते. हे दोन्ही आकडे वहीच्या शेवटच्या पानावर कोणालाही काढता येतील असे आहेत, त्यासाठी अर्थशास्त्रज्ञ लागत नाही.

सरकारी नोकरांना भत्ता मिळू नये असे माझे म्हणणे मुळीच नाही. माझा सख्खा भाऊ सरकारी खात्यात आहे आणि त्याच्या घरीही नारळ त्याच भावाने येतो. माझे म्हणणे एवढेच, की एकाच बाजारात जाणाऱ्या दोन घरांपैकी एकाच्या उत्पन्नाला निर्देशांकाची दोरी बांधलेली आहे आणि दुसऱ्याचे सुटे सोडलेले आहे, आणि जे सुटे सोडले ते नेमके कमी उत्पन्नाचे आहे. भावाला त्याच्या वाढीबद्दल कोणाचे आभार मानावे लागत नाहीत, फलक लावावे लागत नाहीत. आमची वाढ मात्र निवडणुकीच्या तोंडावर आश्वासन म्हणून येते. २०२२ मध्ये एका पक्षाने महिलांना दरमहा पाच हजार देऊ म्हटले, सत्ताधारी पक्षाच्या जाहीरनाम्यात दयानंद योजनेचे तीन हजार करण्याची आणि वर्षाला तीन सिलिंडर मोफत देण्याची भाषा होती. २०२७ ची निवडणूक जवळ येत आहे, तेव्हा असे आकडे पुन्हा ऐकू येतील. कोणी किती मोठा आकडा सांगतो यात मला रस उरलेला नाही. लहान वाढ चालेल, पण ती ठरलेल्या महिन्यात, ठरलेल्या सूत्राने, न मागता यावी.

उत्पन्नाच्या मर्यादेचा मुद्दा तर याहून गंभीर आहे आणि त्याची चर्चा मी कोठेच वाचलेली नाही. गृह आधारसाठी पती-पत्नीचे मिळून वार्षिक उत्पन्न तीन लाखांच्या आत असावे लागते. महिन्याला पंचवीस हजार. हा आकडा जेव्हा ठरला तेव्हा तो कदाचित योग्य असेल. आता कंत्राटी कामगाराच्या पगारात परिवर्तनीय महागाई भत्त्याने काही शे रुपयांची वाढ होते, ती वाढत्या भावांमागे धावून दमते, आणि तरीही कागदावर ते घर तीन लाखांच्या रेषेजवळ सरकत जाते. कागदावर धरले जाते ते हातात येणारे उत्पन्न नसून कपातीआधीचे, हेही लक्षात घ्यावे. मला गावाजवळच्या एका दुकानात दहा हजारांवर पूर्णवेळ काम मिळत होते. ते घेतले असते तर आमचे एकत्रित उत्पन्न मर्यादेपलीकडे गेले असते, पंधराशे रुपये बंद झाले असते, बसभाडे वाढले असते, सासूबाईंकडे पाहायला कोणी उरले नसते आणि हातचे शिवणकाम सुटले असते. दहा हजारांतून हे सगळे वजा करून पाहिले आणि काम नाकारले. महागाईने आमच्यासारख्यांना दोन्हीकडून धरले आहे, ते असे. तिने मदतीचे मोल घटवले आणि तिनेच फुगवलेल्या पगारामुळे उद्या ती मदतही जाऊ शकते. म्हणून केवळ रक्कम वाढवून भागणार नाही, मर्यादाही तिच्याबरोबर सरकली पाहिजे.

यावर घेतले जाणारे आक्षेप मला माहीत आहेत, कारण ते आमच्या गावातल्या दुकानाच्या पायरीवरही ऐकू येतात. पहिला म्हणजे महागाई आता आटोक्यात आली आहे. २०२५ च्या उत्तरार्धात देशातील महागाईचा दर खूपच उतरला आणि भाजी स्वस्त झाली, हे खरे आहे. पण दर उतरला म्हणजे भाव वाढण्याचा वेग मंदावला, आधीच्या आठ-दहा वर्षांत जे भाव चढून बसले ते काही खाली आले नाहीत. सप्टेंबर २०२५ मध्ये वस्तू व सेवा कर कमी झाला, त्याचा लाभ साबण, टूथपेस्ट, केसांचे तेल यांच्या किमतीत दिसला आणि त्याबद्दल समाधान आहे. तथापि नारळ, ओली मासळी, ताजी भाजी, सुटा तांदूळ यांवर हा कर मुळातच नव्हता, त्यामुळे जिथे आमचा सर्वांत जास्त पैसा जातो तिथे कमी होण्यासारखे काही नव्हते.

दुसरा आक्षेप गोव्याच्या समृद्धीचा. दरडोई उत्पन्नात गोवा देशातील अगदी वरच्या राज्यांत आहे, मग इथे गरीब कोण, असे परराज्यातले पाहुणेच नव्हे तर आपले काही नेतेही विचारतात. सरासरी काढताना किनाऱ्यावरचे हॉटेल, कॅसिनोची बोट आणि आमचे घर एकाच बेरजेत येतात, इतकेच त्याचे उत्तर आहे. उलट, ज्या समृद्धीचे दाखले दिले जातात तिच्यामुळेच आमचा बाजार महाग होतो. चांगली इसवण (सुरमई) आणि सुंगटे हॉटेलांकडे वळतात, आणि त्यांच्या भावाच्या ओढीने बांगडाही वर जातो.

तिसरा आक्षेप तिजोरीचा, आणि तो मी हलका मानत नाही. गृह आधारचा लाभ घेणाऱ्या स्त्रिया लाखाहून अधिक आहेत, त्यामुळे प्रत्येकी थोडीशी वाढही एकत्र केली की मोठी रक्कम होते. परंतु याच कारणासाठी वाढ दरवर्षी थोडी थोडी व्हायला हवी. दहा वर्षे काहीच न करता एका निवडणुकीत एकदम दुप्पट करणे तिजोरीला जास्त जड जाते. जुन्या किमान वेतन कायद्यातही, म्हणजे १९४८ पासून, वेतनदरांचा फेरविचार पाच वर्षांहून जास्त लांबवू नये असे बंधन होते. कारखानदाराला जो नियम सरकार सांगते तो स्वतःच्या योजनांना लावायला त्याची हरकत नसावी. आणि खरोखरच पैसा कमी पडत असेल तर ज्यांना गरज नाही अशांची नावे यादीतून काढावीत. गावोगावी ती नावे कोणाची आहेत हे पंचायतीपासून पोस्टमनपर्यंत सर्वांना ठाऊक असते. गरजवंतांची रक्कम गोठवून बचत करणे हा त्यावरचा मार्ग नव्हे.

या वृत्तपत्राला आमदारांपर्यंत पोहोचणे आमच्यापेक्षा सोपे आहे. अर्थसंकल्पापूर्वी प्रत्येक आमदाराला, मग तो कोणत्याही पक्षाचा असो, दोनच प्रश्न विचारावेत आणि त्यांची उत्तरे नावानिशी छापावीत अशी विनंती आहे. गृह आधार आणि दयानंद योजनेची रक्कम दरवर्षी निर्देशांकानुसार वाढवावी, हे त्यांना मान्य आहे काय? आणि तीन लाखांची मर्यादा त्याच प्रमाणात वाढवण्याचा ठराव ते सभागृहात मांडतील काय? होय किंवा नाही एवढेच उत्तर पुरे आहे. कारणे सांगायची असल्यास तीही छापावीत, आम्ही वाचू.

आपली विनीत,
एक गृहिणी,
डिचोली, गोवा